वेताळाला मारायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लेखिका नागपूरच्या, चाळिशीतल्या. सरकारी कार्यालयात नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. दोन वर्षांपासून टोपणनावाने मोबाइलवरच्या एका कथा-अ‍ॅपवर मालिका लिहितात. नायक नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या पडक्या वाड्यामागच्या चिंचेवर राहणारा वेताळ, नायिका रामटेकच्या गडावरची यक्षीण. दोघंही अमर. त्यांचं प्रेम, भांडणं आणि अबोले तीनेकशे वर्षं चालू आहेत. मालिका विनोदी आहे आणि तिला वाचक भरपूर आहेत. आता एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती दीर्घकथा म्हणून मागितली आहे. अट अशी की विनोद कमी करावा आणि शेवटी दोघांपैकी एकाने अमरत्व सोडून मरावं, कारण 'त्याशिवाय प्रेमाला वजन येत नाही.' मध्येच मालिका नवऱ्याच्या हाती लागली. वेताळाच्या सवयी आपल्याच आहेत हे ओळखून ते गप्प झाले आहेत. सून भुतांवर लिहिते एवढंच सासूबाईंना कळलं आहे आणि तेवढ्यानेच त्या घाबरल्या आहेत. लेखिका विचारतात: 'वेताळाला मारू का? की हा सगळा बालिशपणा म्हणून थांबवू? आणि घरात काय सांगू?'

नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचे भाग वाचले. दिवाळी अंकाबद्दल तुम्ही दोन पानं लिहिली आहेत, सासूबाईंबद्दल एक परिच्छेद आणि यजमानांबद्दल चार ओळी. त्या चार ओळींपाशी मी येणार आहे. पण आधी वेताळाचं बघू. संपादकांना उत्तर द्यायला तुमच्या हातात दिवस थोडे आहेत, आणि घरातला गुंताही त्याच धाग्याला लागून आहे असं मला वाटतं.

माझं मत आधीच सांगते. मारू नका.

नागपूरच्या फुटाळा तलावावर घडणाऱ्या भागातला एक तुकडा इतर वाचकांसाठी इथे देते, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते त्यांनाही कळेल. यक्षीण रामटेकहून आली आहे. वेताळ तलावाकाठच्या झाडाला उलटा लटकलेला आहे. खाली रस्त्यावर संध्याकाळची गर्दी आहे.

'दीडशे वर्सं झाले,' ती म्हणते. 'एकदा तरी म्हणला का तू, चाल, येतो रामटेकले?'

'मी उलटा राहतो. मले सरळ रस्ता दिसते का वं?'

'आगगाडी आली तवाबी हेच म्हणे. आता मेट्रो आली.'

'मेट्रोत उलटं लटकू देत नाही.'

मग बराच वेळ कुणी बोलत नाही. यक्षीण पदराखालून भुट्टा काढते, मधोमध मोडते आणि अर्धा वर धरते. वेताळ खाली हात करतो.

मी हा तुकडा पुन्हा वाचला आणि दोन्ही वेळा हसले. दुसऱ्या वेळी डोळ्यांत पाणीही आलं. दीडशे वर्षं तो आलेला नाही, ही तिची तक्रार खरी आहे. ती मिटलेली नाही, मिटणारही नाही, तरी भुट्टा मोडला जातो. संपादकांना जे वजन हवंय ते इथे आहे. ते हसण्याच्या आत आहे, म्हणून कदाचित त्यांना जाणवलं नसेल.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. माणसांच्या प्रेमात मरण कायम पाठीशी असतं. एक दिवस हे माणूस नसेल, म्हणून आजच्या चहाला किंमत. पण हा झाला आपला, मर्त्यांचा हिशोब. जे मरणारच नाहीत त्यांना तो लावायचा आणि जमत नाही म्हणून त्यांना मारून टाकायचं, हे मला पटत नाही. अमरांच्या प्रेमात मोल कशाचं असतं, हा प्रश्न विचारायची संधी तुमच्या हातात आहे. मरण आणलं की तो प्रश्नच संपतो आणि उरते एक नेहमीची शोककथा.

आणि आपल्याकडे हा प्रश्न काही नवा नाही. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिची समजूत काढायला देव मागोमाग आले, आणि पंढरपुरात अजूनही विठ्ठलाचं आणि तिचं राउळ वेगळं आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी या जोडप्याचा संसार किती हौसेने गायला आहे! रुक्मिणी जनीवरून विठ्ठलाला टोचून बोलते, विठ्ठल सारवासारव करतो. खंडोबाच्या जागरणात म्हाळसा आणि बाणाईचं भांडण रंगतं, ऐकणारे पोट धरून हसतात आणि पहाटे कपाळाला भंडारा लावून घरी जातात. ही सगळी अमर मंडळी. त्यांच्या प्रेमाच्या खरेपणासाठी कुणाला मारावं असं ओव्या रचणाऱ्या एकाही बाईला वाटलं नाही. रुसवा लांबतो, समजूत अर्धवट राहते, देऊळ वेगळं होतं, पण आवार एकच राहतं. याहून जड आणखी काय हवं?

तुमची नायिका रामटेकची आहे, त्यामुळे मेघदूताकडे तर तुम्हाला हक्काने जाता येईल. कुबेराच्या कामात कसूर केली म्हणून यक्षाला वर्षभराची हद्दपारी झाली आणि तो रामगिरीवर येऊन राहिला. तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशींसारख्या मोठ्या अभ्यासकांनी मांडलं आहे. आता शिक्षा बघा: एक वर्ष. यक्षांच्या अलकानगरीत तारुण्याखेरीज दुसरं वयच नसतं, असं उत्तरमेघातला एक श्लोक म्हणतो. ज्याच्यापुढे काळाला तोटा नाही त्याला एक वर्ष ते काय? तरीही काही महिन्यांत तो इतका झडला की मनगटातलं सोन्याचं कडं गळून पडलं. आषाढाच्या पहिल्या दिवशी डोंगरावर ढग दिसला आणि त्याने त्यालाच निरोप्या केलं. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा तो गोळा, तो कसला निरोप नेणार, हे कालिदास स्वतःच विचारतो आणि लगेच उत्तरही देतो, की प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा फरक राहत नाही. हसू आणि तळमळ एकाच श्लोकात. शाप कधी सुटणार हेही यक्षाला ठाऊक आहे: विष्णू शेषशय्येवरून उठतील तेव्हा, म्हणजे कार्तिकी एकादशीला. उरले चार महिने. मरणाचा प्रश्नच नाही, वियोगही तारीख ठरलेला, आणि तरी हे काव्य दीड हजारांहून जास्त वर्षं लोक पाठ करत आले आहेत.

उलट बाजूला अश्वत्थामा. सातपुड्यात, नर्मदेच्या काठी तो कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो असं अजून सांगतात. महाभारतात श्रीकृष्णाने त्याला दिलेला शाप नीट वाचला तर लक्षात येतं की जखम आणि वेदना ही शिक्षेची एक बाजू आहे. दुसरी अशी की तीन हजार वर्षं तू एकटा भटकशील आणि तुला कुणाशी बोलायला मिळणार नाही. अमरत्व आणि बोलायला कुणी नसणं. तुमच्या वेताळाला दीडशे वर्षं एकच तक्रार ऐकवणारी कुणीतरी आहे. त्याच्या नशिबाचं मोल काय, हे अश्वत्थाम्याला विचारावं.

आता कथेकडे. मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे आणि तिची ताकद तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. वेताळपंचविशीचा नियम आपल्याला लहानपणापासून माहीत आहे: वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, राजाने बरोबर उत्तर दिलं की हा पुन्हा झाडावर. तुमच्या मालिकेत हा नियम संसारात आला आहे. वेताळाला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि यक्षिणीने बरोबर उत्तर दिलं की त्या क्षणी तो चिंचेवर ओढला जातो. म्हणून ती मुद्दाम चुकीची उत्तरं देते. तिला सगळं येतं. पण तो जवळ बसावा म्हणून तीनशे वर्षं ती त्याच्यापुढे अडाणी ठरते, आणि तो तिला कौतुकाने समजावून सांगत राहतो.

वाचक यावर हसतात हे मी समजू शकते, मीही हसले. पण केवढी किंमत मोजते आहे ही यक्षीण! संपादकांना मरण हवं आहे, आणि इथे एक बाई प्रेमापोटी स्वतःची हुशारी तीनशे वर्षं झाकून बसली आहे. कथेचा शेवट इथून काढा. एखाद्या संध्याकाळी तिला खोटं बोलायचा कंटाळा येईल आणि ती बरोबर उत्तर देईल. तो ओढला जाईल, आणि चिंचेवर लटकून त्याला पहिल्यांदा हिशोब लागेल की इतकी वर्षं काय चाललं होतं. मग तो परत येईल तेव्हा त्याने असा प्रश्न विचारावा ज्याचं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नाही. तिथे बरोबर-चूक ठरवणार कोण? नियम आपोआप लुळा पडतो. तो रामटेकला आला तर याच कारणाने यावा. हा एक रस्ता झाला. तुम्हाला याहून चांगला सुचेल, कारण ही माणसं तुमची आहेत.

तुमच्यासारखं लिहिणारे बरेच वाचक या सदराला पत्रं पाठवतात, त्यांच्यासाठीही दोन-तीन गोष्टी सांगते. अमर पात्र काहीही करू शकतं असं झालं की विनोद मरतो. त्याला एक न मोडता येणारी अडचण द्यावी, आणि ती पहिल्या काही पानांतच कळू द्यावी. तुमच्याकडे उलटं लटकणं आहे, उत्तराचा नियम आहे, तेवढं पुरेसं आहे. मधल्या भागांत वेताळाला अदृश्य होता येऊ लागतं, मनातलं वाचता येऊ लागतं. ते काढून टाका. दुसरं म्हणजे अमरांची आठवण. सुरुवातीच्या भागांत वेताळ १८१७ची सीताबर्डीची लढाई, १८६७ला नागपुरात आलेली रेल्वे असं सगळं धडा म्हणून दाखवल्यासारखं सांगतो. जो तिथे होता तो असं बोलत नाही. लढाईच्या त्या दोन दिवसांत तोफांनी चिंच हलत होती आणि त्याला झोप लागली नाही, एवढंच त्याला आठवेल. एम्प्रेस मिल १८७७मध्ये सुरू झाली. तिच्या भोंग्यावर उठायची त्याला सवय लागली असेल आणि मिल बंद झाल्यापासून त्याला वेळेवर जाग येत नसेल. असा एक वेताळ मी लगेच ओळखीन.

या शेवटच्या उदाहरणातच आणखी एक गोष्ट आहे. अमर माणसं मरत नाहीत, पण त्यांच्या भोवतीचं सगळं जातं. विहिरी बुजतात, वाडे पडतात, चिंच ज्याने लावली तो जातो, त्याचे नातूही जातात. कथेत शोक हवाच असेल तर तो तिथे ठेवा. वाड्यातली जी म्हातारी रोज चिंचेखाली दिवा लावते ती एका भागानंतर दिसतच नाही. ती गेली, हे तुम्ही लिहिलं आहे, पण एका वाक्यात आटोपलं आहे. त्या रात्री ही दोघं काय करतात? यक्षीण रामटेकहून येते का? दोघं भांडतात का? तिथे चार पानं द्या. संपादकांना जे हवं आहे त्यातलं खरं जे आहे, ते त्यांना तिथे मिळेल.

बालिशपणाबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण हा प्रश्न तुमचा स्वतःचा नाही, कुणीतरी तुमच्या डोक्यात घातलेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागर रचला तेव्हा त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी घेतल्या, आणि त्या गोष्टी न्याय, नातं, वचन यांच्यावरच्या अवघड प्रश्नांनी भरलेल्या आहेत. प्रेताच्या तोंडून हे प्रश्न ऐकायला त्या काळच्या शहाण्या श्रोत्यांना कमीपणा वाटला नाही. भूत आणि हसू एकत्र आणायला तर तुमच्या गावाला कुणी शिकवायला नको. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८०च्या दशकापासून निघत आली आहे. रोगराई, इडापीडा, सगळी अरिष्टं त्या पुतळ्यांवर घालून लोक 'घेऊन जा गे मारबत' ओरडत गावाबाहेर नेतात आणि जाळतात. सोबत बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे असतात, त्यांच्यावर महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टिंगल असते. भीती आणि टिंगल एकाच रस्त्यावरून, एकाच गर्दीतून जातात. तुमच्या लेखनाचं कूळ ते आहे.

आणि हेच सासूबाईंपाशी जायची वाटही आहे. त्या इतवारीत वाढल्या असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मारबत त्यांनी दारातून पाहिली असणार. त्यांची भीती खोटी ठरवायच्या फंदात पडू नका. तिन्हीसांजेला असलं नाव काढू नये, हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं असेल. त्या घराची काळजी घेतायत, तुमच्याशी वैर करत नाहीत. दिवेलागणीचा तास सोडून द्या, जेवणं आटोपल्यावर लिहा. एवढ्याने त्यांचा मान राहतो आणि तुमचं काही बिघडत नाही. मग एखाद्या दुपारी, भाजी निवडताना, त्यांना विचारा की लहानपणी कुठल्या झाडाखालून जायची त्यांना भीती वाटायची. त्या सांगतील. माहेरच्या गल्लीतलं झाड, त्यावर कोण होतं, कुणाला दिसलं, मग कुणी काय केलं, सगळं निघेल. तुम्हाला तीन भागांचा मजकूर मिळेल, आणि कथेत आपलं झाड आल्यावर त्यांची भीती निम्मी होईल असा माझा अंदाज आहे. नाही झाली, तरी तुमच्या दोघींचं बोलणं झालेलं असेल.

आता त्या चार ओळी. तुम्ही लिहिलंय:

'त्यांनी मालिका वाचली. घोरणं, पोह्यांवर दोनदा तर्री मागणं, मी बाहेर निघाले की कुठं चालली म्हणून विचारणं, सगळं त्यांचंच आहे, त्यांना कळलं. रागावले नाहीत. फक्त एकच विचारलं, ती मुद्दाम चुकीची उत्तरं का देते? मी म्हटलं, कथा आहे. मग ते झोपायला गेले.'

पुढे तुम्ही म्हणता की आपली थट्टा केली म्हणून ते दुखावले आहेत, आणि तर्री काढून टाकली तर चालेल का असं मला विचारता.

पण तर्रीबद्दल तर ते काही बोललेच नाहीत. घोरण्याबद्दलही नाही. त्यांनी यक्षिणीबद्दल विचारलं. तुम्हाला वाटतंय त्यांनी वेताळात स्वतःला ओळखलं. मला वाटतं त्यांनी यक्षिणीत तुम्हाला ओळखलं. दोन वर्षं घरात एक बाई रात्री जागून लिहिते आहे, हजारो माणसं तिची वाट बघतायत, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला याचा पत्ता नाही. विचारलं की 'ऑफिसचं काम' असं उत्तर मिळतं. तेही चुकीचंच उत्तर. तुम्ही का देत होतात ते मला ठाऊक नाही आणि तुम्हीही पत्रात सांगितलेलं नाही. हसतील म्हणून? घरात तुमचं जे स्थान ठरलंय ते हलेल म्हणून? की एक जागा फक्त आपली असावी म्हणून? यातलं कुठलंही कारण चुकीचं नाही. शेवटचं तर मला फार जवळचं वाटतं. पण त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा 'कथा आहे' हे उत्तर पुरेसं नव्हतं.

कथासरित्सागराच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. पार्वती शंकराला म्हणते, कुणीच ऐकली नसेल अशी गोष्ट सांग. तो सांगतो. एक गण चोरून ऐकतो, बायकोला सांगतो, आणि ती बायको तीच गोष्ट पार्वतीला ऐकवते. पार्वतीचा संताप होतो. गोष्ट वाईट होती म्हणून नव्हे. जी फक्त आपल्यासाठी होती ती आधीच दुसऱ्यांना माहीत होती म्हणून. तुमच्या यजमानांना बोलून दाखवता येत नसेल, पण त्यांच्या मौनात यातलं काहीतरी असू शकतं. आपल्या घरातली गोष्ट गावभर आधी पोचली, आपल्याला शेवटी. यावर माफी मागत बसण्यापेक्षा एक सोपा उपाय आहे. दिवाळी अंकासाठी जो मजकूर लिहाल तो पहिल्यांदा त्यांना वाचून दाखवा. फोन हातात देऊ नका, स्वतः वाचा. उत्तराच्या नियमाचा भाग आधी घ्या. आणि त्यांनी विचारलेला प्रश्न परत आला, तर या वेळी खरं उत्तर द्या. ते अवघडतील, तुम्हीही अवघडाल. उठून पाणी प्यायला जातील कदाचित. जाऊ द्या, वाचन थांबवू नका.

घरच्या माणसांवरून लिहिणाऱ्या सगळ्यांना मी एवढंच सांगते: सवयी उसन्या घ्यायला हरकत नाही, पण विश्वासाने सांगितलेलं दुखणं विचारल्याशिवाय घेऊ नये. तर्री, घोरणं, 'कुठं चालली', हे राहू द्या. ते प्रेमाने पाहणाऱ्यालाच दिसतं आणि वाचकालाही तसंच पोचतं. पण बाराव्या भागात वेताळ आपल्या भावाबद्दल जे सांगतो, ते मला कुणाच्या तरी आयुष्यातून जसंच्या तसं आल्यासारखं वाटलं. ते तुमच्या यजमानांचं असेल तर त्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर काढा. त्याने कथेचं काही अडत नाही.

टोपणनाव सोडायची घाई नाही. घरात माहीत असणं आणि ऑफिसात माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त एक कराच: प्रत्येक भागाची प्रत तारखेसकट स्वतःजवळ ठेवा आणि अ‍ॅपशी झालेला करार शोधून वाचा. मजकूर दुसरीकडे छापायची मुभा तुम्ही त्यांना देऊन बसला नाहीत ना, हे दिवाळी अंकाला होकार देण्याआधी कळायला हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून अंकाकडून एका वेळच्या प्रकाशनापुरतीच परवानगी मागितली आहे ना, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पुढे या मालिकेचं पुस्तक निघावं अशी माझी फार इच्छा आहे आणि तेव्हा हे कामी येईल.

संपादकांना नकार देऊ नका, पत्र लिहा. त्यांनी तुमची कथा मागितली आहे, म्हणजे त्यांना तिच्यात काहीतरी दिसलं आहे. शेवटी कुणी मरणार नाही हे आधी स्पष्ट कळवा. मग म्हातारीच्या जाण्याचा भाग वाढवताय आणि उत्तराच्या नियमावर शेवट नेताय, हे चार वाक्यांत लिहा. विनोद कुठे कमी करावा असं त्यांना वाटतं, त्या जागा नेमक्या दाखवायला सांगा. काही ठिकाणी त्यांचं म्हणणं बरोबर निघेल. मेट्रोतल्या तपासणीचा प्रसंग खरंच लांबला आहे. सोबत फुटाळ्याचा तुकडा पुन्हा जोडा आणि विचारा की यातलं हसू काढलं तर काय उरतं. तरीही ते मरणावरच अडून बसले तर कथा परत घ्या आणि दुसऱ्या अंकाकडे पाठवा. रामटेकला जाणारा वेताळ मला वाचायचा आहे, आणि तुमच्या त्या सगळ्या वाचकांनाही.